मिठाच्या पुडीपासून रेणुचाळणीपर्यंत : दुहेरी खिडकीची कुळकथा

थंड प्रदेशातील घराची जुनी खिडकी काढून नवी बसवायची वेळ आली, की ती दारासारखी बाजूला उघडणारी असावी की वरखाली सरकणारी, चौकट लाकडी असावी की पीव्हीसीची, काच दुहेरी असावी की तिहेरी, यावर बराच खल होतो. परंतु या सगळ्या प्रकारांचे आयुष्य ज्या वस्तूवर टिकून असते, तिचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच येतो. दोन काचा ठरावीक अंतरावर धरून ठेवणारी जी पोकळ पट्टी कडेने फिरलेली असते आणि जिला स्पेसर म्हणतात, तिच्या आतल्या अंगाला बारीक छिद्रांची ओळ असते, आणि त्या छिद्रांमागे खसखशीहून थोडे मोठे, मातकट रंगाचे मणी भरलेले असतात. काचांमधल्या हवेत शिरलेले बाष्प हे मणी शोषून घेतात. दुहेरी खिडकीचा खरा इतिहास हा काचेचा नसून या शोषकाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

खिडकीला काच रोमन काळात आली, वरखाली सरकणारी झडप सतराव्या शतकात पश्चिम युरोपात रुळली, आणि दोन काचांमध्ये कोंडलेली स्थिर हवा उष्णतेला अडवते हे अनुभवानेच कळले. हे टप्पे परिचित आहेत आणि त्यांवर रेंगाळण्याचे कारण नाही. रशियातील हिवाळी खिडकी मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. शरद ऋतू सरता सरता तेथे नेहमीच्या खिडकीच्या आतून दुसरी चौकट बसवली जाई, तिच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या जात, हवा येण्याजाण्यापुरते ‘फोर्तोच्का’ नावाचे एक लहान तावदान तेवढे उघडे ठेवले जाई, आणि दोन चौकटींच्या मधल्या जागेत कापूस किंवा शेवाळ पसरले जाई. फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए 1858-59च्या हिवाळ्यात रशियात होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या मधल्या जागेतील वाळूचा थर आणि त्यावर ठेवलेल्या मिठाच्या कागदी पुड्या नोंदवल्या आहेत. काही घरांत मिठाऐवजी पेल्यात गंधकाम्ल ठेवत, कारण तेही हवेतले पाणी अधाशीपणे ओढून घेते. खोलीतील उबदार, दमट हवा आतल्या चौकटीच्या फटींतून झिरपून बाहेरच्या गार काचेला भिडली, की तिच्यावर हिमाची नक्षी उमटते आणि उजेड अडतो. मीठ आणि आम्ल यांचे काम ती नक्षी रोखण्याचे होते. गळती पूर्णपणे बंद करता येत नाही, म्हणून जे आत येईल ते पिऊन टाकणारे काहीतरी आत ठेवावे, हा विचार येथे प्रथमच स्पष्ट रूपात दिसतो.

या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला दावा अमेरिकन थॉमस स्टेटसन याचा, ज्याला दोन काचा कडेने कायमच्या जोडण्याच्या कल्पनेसाठी 1865 साली पेटंट मिळाले. कागदावर हे पूर्वजत्व निर्विवाद आहे, पण कडा हवाबंद राखणे किती अवघड आहे याची झळ त्या कल्पनेला लागायची होती. दुसरा दावा अधिक भक्कम आहे. 1930च्या दशकात सी. डी. हेवन या अमेरिकन अभियंत्याच्या कामातून ‘थर्मोपेन’ ही खिडकी पुढे आली; तीत काचेच्या कडांवर धातूचा लेप देऊन त्यांना धातूची पट्टी झाळली जाई आणि आत कोरडी हवा बंद केली जाई. एकदाच कोरडे करा आणि कायमचे मिटवा, असे हे तत्त्व. ते आकर्षक असले तरी थंडीत त्याची कसोटी लागते, कारण बाहेरची काच गारठून आकसते, आतली उबदार राहते, बंद हवेचा दाब दररोज कमीजास्त होतो आणि सगळा ताण कडेवर येतो. पुढे उद्योगाने लवचीक सांध्यांचा मार्ग धरला. ब्यूटाइल आणि पॉलिसल्फाइड यांसारखे रबरी लेप ताण सोसतात, मात्र अगदी थोडे का होईना, बाष्प आत येऊ देतात. म्हणून त्यांच्याबरोबर शोषक ठेवणे अटळ ठरले. रशियन घरातील मीठ पाहून कोणी कारखानदाराने हा धडा घेतला, असे म्हणण्यास आधार नाही; तरीही जी कल्पना टिकली ती थर्मोपेनची नसून मिठाच्या पुडीची आहे.

मात्र मिठाची जागा ज्या पदार्थाने घेतली, त्याचे मूळ अधिकच अनपेक्षित आहे. 1756 साली स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट याने एक स्फटिक तापवला, तेव्हा त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून त्याला ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, हे नाव दिले. त्याच्या नमुन्यांपैकी एक आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडील स्वाप्पावारा येथील होता. तो स्टिल्बाइट होता असे परंपरेने सांगितले जाते, तर अलीकडच्या तपासाचा कौल स्टेलेराइटकडे आहे. दोहोंची अंतर्गत जाळी एकाच घडणीची असल्यामुळे हा वाद नावापुरताच उरतो. मराठी वाचकाला हे कुळ परके वाटू नये, कारण दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट विपुल सापडतात, आणि पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील खाणींचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

खिडकीत जाणारा झिओलाइट मात्र खाणीतला नव्हे. जेम्स मॅकबेनने 1932 साली अशा पदार्थांना ‘रेणुचाळणी’ या अर्थाचे नाव रूढ केले, आणि 1949च्या सुमारास रॉबर्ट मिल्टनने युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात, हवेतील वायू वेगळे करण्याच्या उद्देशाने, ‘ए’ प्रकारचा कृत्रिम झिओलाइट बनवला. 1954 नंतर त्याचा व्यापारी वापर प्रथम शीतक वायू आणि नैसर्गिक वायू कोरडे करण्यासाठी झाला. खिडकीने तो तेथून उसना घेतला.

या उसनवारीत एक बारीक अडचण होती. सोडियमयुक्त ‘4ए’ जातीची छिद्रे सुमारे 4 आंगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या चौपट, रुंद असतात, आणि त्यांत पाण्याबरोबर नायट्रोजनही शिरतो. थंडीत तो अधिक शोषला जातो, आतला दाब आणखी घटतो आणि काचा मध्यभागी एकमेकींकडे वाकतात. नेमक्या कडाक्याच्या दिवसांत अंतर कमी होऊन खिडकी दुबळी पडते. सोडियमच्या जागी पोटॅशियम घालून ‘3ए’ जात केली, की छिद्रे सुमारे 3 आंगस्ट्रॉमची होतात. पाण्याचा रेणू आत जातो, नायट्रोजन आणि आर्गॉन बाहेर राहतात. आर्गॉन भरलेल्या आजच्या खिडकीला म्हणूनच ‘3ए’ लागतो.

निवडीचा प्रश्न या प्रकाशात पाहिला तर सोपा होतो. उष्णता किती निसटते हे सांगणारा यू-अंक एकेरी काचेसाठी सुमारे 5.8, साध्या दुहेरीसाठी 2.8, चांदीचा अतिसूक्ष्म थर व आर्गॉन असलेल्या दुहेरीसाठी 1.1च्या आसपास, आणि तशाच तिहेरीसाठी 0.6 ते 0.7 असतो, हे आकडे काचेच्या मध्यभागाचे आहेत आणि कडेला ते बिघडतात, म्हणून ॲल्युमिनियमऐवजी स्टेनलेस स्टीलचा किंवा प्लास्टिकचा स्पेसर मागावा. बाजूला उघडणारी किंवा आत कलणारी झडप बंद होताना रबरावर दाबली जाते, सरकणारी मात्र त्याला घासून जाते, त्यामुळे वाऱ्याच्या प्रदेशात पहिली सरस ठरते. खोलीच्या बाजूने काचेवर दव दिसले तर दोष खोलीतील दमटपणाचा असतो. बाहेरच्या बाजूला पहाटे दिसले तर खिडकी उष्णता उत्तम अडवते आहे असे समजावे. काचांच्या मध्ये दिसले तरच शोषक संपृक्त झाला आणि कड गळू लागली असा निष्कर्ष काढावा. तशा वेळीही चौकट धड असेल तर सबंध खिडकी उखडण्याचे कारण नसते, केवळ काचेची जोडी बदलून भागते. जुनी लाकडी चौकट सुंदर असेल तर आतून दुसरे तावदान बसवण्याची रशियन पद्धत आजही उपयोगी पडते, फक्त आतली चौकट बाहेरच्यापेक्षा घट्ट असली पाहिजे, म्हणजे चुकून आलेले बाष्प बाहेर निघून जाते.

एक प्रतिस्पर्धी वंश अजून उरतो. थर्मास बाटलीचे मूळ असलेल्या ड्यूअरच्या 1892 सालच्या निर्वात पात्रापासून प्रेरणा घेणारी ही कल्पना काचांमधून हवाच काढून टाकते, म्हणजे कोरडे करण्याजोगे काही उरतच नाही. 1913 साली जर्मनीत त्सोलर याने तिचा पेटंट-अर्ज केला, सिडनी विद्यापीठात 1989 साली ती प्रत्यक्षात आली, आणि 1990च्या दशकात जपानमध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. वातावरणाच्या दाबाने काचा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक खांब ठेवलेले असतात आणि अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांपुरतेच असते. परंतु काचेच्या पृष्ठभागातून वायूचे रेणू हळूहळू सुटतच राहतात, आणि निर्वात अवस्था टिकवण्यासाठी अनेक उत्पादक त्या पोकळीत गेटर नावाचा, वायू शोषून धरणारा धातूचा तुकडा ठेवतात.