साडेतीन शहाणे आणि सोळा वर्षांचा पेशवा

आजच्या भागाची सुरुवात एका कोऱ्या कागदापासून करू.

चांगदेव नावाचे मोठे योगी होते. दंतकथा सांगते की त्यांचं वय होतं चौदाशे वर्षं. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, पण पहिल्याच शब्दाला गाडी अडली. 'चिरंजीव' लिहावं, तर समोरचा ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावं, तर तो वयाने पोरगा. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो बघून छोटी मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून हे कोरेच राहिले की! ज्ञानेश्वरांनी त्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं, तीच 'चांगदेव पासष्टी'.

चौदाशे वर्षं कोणी जगत नाही, हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण चांगदेवांची अडचण खरी आहे. ती आपल्या घरात रोज असते, फक्त दुसऱ्या बाजूने. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे वाक्य तिशीच्या आतल्या प्रत्येकाने ऐकलंय. आणि आपणही मनात म्हणतो की तुमच्या पावसाळ्यांत इंटरनेट नव्हतं. मग खरं काय? वय वाढलं की शहाणपण येतं का?

यावर भाषण देण्यापेक्षा एक केस बघू. काळ १७५७ ते १७७३, म्हणजे फक्त सोळा वर्षं. बरीचशी माणसं एकाच घरातली. त्यात सत्तरीकडे झुकलेले सरदार आहेत आणि दाढी-मिशी न फुटलेले पेशवेही आहेत.

एकच म्हातारा, दोन सल्ले

पहिलं पात्र मल्हारराव होळकर, जन्म १६९३. बाजीराव पेशव्यांबरोबर घोडी दौडवलेला माणूस. उत्तर हिंदुस्थानाची त्यांच्याइतकी माहिती मराठ्यांत फार थोड्यांना होती.

१७५७ मध्ये राघोबादादांनी, म्हणजे रघुनाथरावांनी, दिल्ली घेतली. रोहिल्यांचा सरदार नजीबखान हाती लागला. त्याला कायमचा संपवायची ती संधी होती. पण नजीबाने मल्हाररावांना गाठलं. तो स्वतःला त्यांचा धर्मपुत्र म्हणवायचा. मल्हाररावांनी रदबदली केली आणि नजीब सुटला. पुढे याच नजीबाने अहमदशाह अब्दालीला हिंदुस्थानात आणण्यात आणि मराठ्यांच्या विरोधात आघाडी उभी करण्यात पुढाकार घेतला. मल्हारराव तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. पावसाळे कमी पडले असं म्हणायला जागाच नाही.

आता १७६०. सदाशिवरावभाऊ मोठी फौज घेऊन उत्तरेत आले. भाऊंचं वय तीस. बरोबर जड तोफा, इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण, आणि लढाईशी संबंध नसलेले हजारो लोक: बायका, यात्रेकरू, व्यापारी, बुणगे. मल्हारराव आणि भरतपूरचे सूरजमल जाट यांचा सल्ला असा होता की बायकापोरं आणि जड सामान मागे सुरक्षित जागी ठेवा, हलक्या घोडदळाने अब्दालीची रसद तोडा, समोरासमोर अडकू नका. भाऊंनी तो मानला नाही.

पुढचं आपल्याला माहीत आहे. पानिपतावर दोन-अडीच महिने फौज अडकली, उपासमार झाली, आणि १४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं. भाऊ गेले. पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव गेला.

बघा, माणूस तोच, अनुभव तोच. तीन वर्षांपूर्वीचा सल्ला घातक ठरला होता, आणि या वेळचा बहुतेक योग्य होता. 'बहुतेक' म्हणतोय, कारण तो सल्ला मानला असता तर काय झालं असतं, हे कोणीच सिद्ध करू शकत नाही.

आणि भाऊंना नुसतं 'गर्विष्ठ तरुण' म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. बखरींमध्ये त्यांच्या तोंडी मल्हाररावांच्या म्हातारपणावर टोमणे आहेत, पण त्या बऱ्याच नंतर, पराभवाचं खापर फोडण्याच्या दिवसांत लिहिल्या गेल्या. भाऊंकडेही अनुभव होता. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला त्यांनी निजामाला याच तोफा आणि याच गारद्यांच्या जोरावर नमवलं होतं. फक्त ते दख्खनमध्ये होतं, जिथे रसद मागून येत होती आणि मुलूख ओळखीचा होता. उत्तरेतली ही भाऊंची पहिलीच मोहीम.

हे मला जरा जास्तच कळतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका जुन्या प्रोग्रॅममधल्या चार ओळी उडवल्या होत्या. वर लिहिलेलं होतं, 'या काढू नका'. लिहिणारे गृहस्थ कधीच निवृत्त झाले होते. माझ्या आधीच्या प्रोजेक्टमध्ये असली सफाई मस्त चालली होती, म्हणून इथेही केली. महिनाअखेरीला रात्री अडीच वाजता फोन आला. त्या चार ओळी फक्त महिनाअखेरीलाच लागायच्या! माझं उदगीर झालं होतं, पानिपत बाकी होतं.

अंगावर पडलेली पेशवाई

पानिपताच्या धक्क्यातून नानासाहेब पेशवे सावरले नाहीत. २३ जून १७६१ ला पर्वतीवर ते गेले, आणि पेशवाईची वस्त्रं मिळाली त्यांच्या दुसऱ्या मुलाला. माधवराव, वय सोळा. आपल्याकडे या वयात अकरावीची ॲडमिशन चालू असते.

काका राघोबादादा सत्तावीस वर्षांचे. अटकेपर्यंतच्या मोहिमेचं नाव गाठीशी. साहजिकच त्यांना वाटलं, पोरगा नावाला पेशवा, कारभार आपला. माधवरावांना ते पटेना. बिनसत बिनसत गोष्ट लढाईवर गेली. राघोबादादांनी निजामाची मदत घेतली आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी, आळेगाव इथे काका-पुतणे समोरासमोर आले. माधवरावांची बाजू पडती होती.

सतरा वर्षांच्या माणसाने इथे काय करावं? पळावं किंवा हट्टाने लढत राहावं. माधवराव उठले आणि सरळ काकांच्या छावणीत जाऊन त्यांच्या स्वाधीन झाले. घर फुटलं तर फायदा निजामाचा, हे त्यांना दिसत होतं. पुढचे काही महिने ते पहाऱ्यात राहिले.

राघोबादादांच्या हाती सत्ता आली आणि त्यांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. मिरजेच्या पटवर्धनांना दुखावलं, प्रतिनिधींना दुखावलं. दुखावलेली माणसं निजामाला जाऊन मिळाली. नागपूरचे जानोजी भोसलेही तिकडे गेले. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं.

इथे 'साडेतीन शहाणे' येतात. मराठी मुलखात त्या काळचे साडेतीन शहाणे प्रसिद्ध आहेत: पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस. नाना अर्धे का, तर डोकं होतं पण तलवार नव्हती, असं सांगतात.

गंमत बघा. साडेतीनपैकी पूर्ण शहाणे तिघं, आणि या भांडणात तिन्ही बाजूंना एकेक. सखारामबापू राघोबादादांचे सल्लागार, विठ्ठल सुंदर निजामाकडे, देवाजीपंत जानोजींकडे. म्हणजे शहाणपणाचा तुटवडा कुठेच नव्हता, आणि पुणं तरी जळलं.

१० ऑगस्ट १७६३. आजच्या बीड जिल्ह्यातलं राक्षसभुवन. गोदावरीला पूर. निजाम काही फौजेसह पलीकडे गेलेला, विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडे अडकलेला. जानोजींना तोवर फोडून बाजूला केलं होतं. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. माधवराव अठरा वर्षांचे होते, आणि या विजयानंतर कारभार खऱ्या अर्थाने त्यांच्या हातात आला. मग त्यांनी दुखावलेल्यांना परत जवळ केलं. पटवर्धनांना मिरज परत मिळाली.

शिकणं म्हणजे काय

मला राक्षसभुवनपेक्षा पुढची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. तरुण माधवराव जपतप, अनुष्ठानात फार वेळ घालवू लागले होते. एकदा शास्त्री कामासाठी आले, तर पेशवे ध्यानात. शास्त्री परत गेले आणि त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली. कारण विचारल्यावर तोंडावर सांगितलं की राज्य चालवायचं पत्करलंय तर लोकांचं काम आधी, नाहीतर दोघंही काशीला जाऊन जप करू. पेशव्यांनी ऐकलं आणि बदलले. बोलणारे रामशास्त्री मोठेच, पण ऐकणाऱ्याकडे बघा. हातात सगळी सत्ता, वय विशीच्या आसपास, आणि आपली चूक दाखवणारा माणूस त्यांनी हाकलला नाही, जवळ ठेवला.

दुसरी गोष्ट काकांची. १७६२ मध्ये माधवराव शरण गेले. नंतर राघोबादादा पुन्हा पुन्हा राज्याची वाटणी मागत राहिले, आणि माधवराव समजुतीने घेत राहिले. पण जून १७६८ मध्ये काकांनी पुन्हा फौज जमवली, तेव्हा माधवरावांनी नाशिकजवळच्या धोडपला त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. जो उपाय एकदा योग्य होता तो आता चालणार नाही, हे त्यांना कळलं होतं. सहा वर्षांत पुतण्या बदलला. काका सहा वर्षांनी मोठे झाले, एवढंच.

याच दहा वर्षांत हैदरअलीवर मोहिमा झाल्या, आणि १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत पोचले, पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांनी.

१८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरच्या चिंतामणीजवळ क्षयाने माधवराव गेले. वय सत्तावीस. मी आज अठ्ठावीसचा आहे. हा आकडा पहिल्यांदा मोजला तेव्हा थोडा वेळ गप्प बसलो होतो.

मग तरुणच शहाणे का?

इथे थांबलो तर रील छान होईल, 'वय हा फक्त आकडा' वगैरे. पण इतिहास इथे थांबत नाही.

माधवरावांनंतर पेशवे झाले त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव. वय सतरा. घर तेच, आई गोपिकाबाई तीच, रामशास्त्री तेच, काकाही तेच. जवळजवळ सगळी परिस्थिती थोरल्या भावासारखी. पण नारायणरावांना माणसं सांभाळता आली नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. म्हणजे कोवळं वयही शहाणपणाची हमी देत नाही.

आणखी एक टोचणारी गोष्ट. मरण्याआधी माधवरावांनीच काकांशी समेट करून नारायणरावांना त्यांच्या स्वाधीन केलं होतं. घरात दुसरं वडीलधारं कोण होतं? पण ज्या काकांना त्यांनी दहा वर्षं ओळखलं, त्यांच्याबद्दलचा शेवटचा अंदाज चुकला. सत्तावीस वर्षांच्या शहाण्याचीही चूक झाली, आणि ती दुरुस्त करायला तो राहिला नाही.

आणि साडेतीन शहाण्यांचं काय झालं? विठ्ठल सुंदर राक्षसभुवनावर पडला. सखारामबापू दोन्ही दगडांवर पाय ठेवत राहिले आणि शेवटी कैदेत गेले. अर्धे नाना पानिपतातून एकोणिसाव्या वर्षी जीव वाचवून आलेले. ते १८०० सालापर्यंत टिकले.

मला या सगळ्यातून कळलं ते एवढंच. वयाबरोबर अनुभव नक्की येतो, फुकट येतो, सगळ्यांना येतो. शहाणपण म्हणजे त्या अनुभवामुळे पुढचा निर्णय बदलणं, आणि ते आपोआप होत नाही. मल्हाररावांकडे ते कधी होतं, कधी नव्हतं. राघोबादादांना मुबलक वेळ मिळाला आणि तरी आलं नाही. माधवरावांकडे वेळ नव्हता, पण आपण चुकतोय हे सांगणारी माणसं होती, आणि ऐकायची तयारी होती.

म्हणून पुढच्या वेळी घरी कोणी पावसाळे मोजायला लागलं, तर लगेच वाद घालू नका. एकच विचारा, 'त्यातल्या कुठल्या पावसात तुम्ही चुकलात, आणि नंतर काय बदललं?' उत्तर आलं, तर मोबाईल बाजूला ठेवून नीट ऐका, तिथे खरंच काहीतरी आहे. मी बाबांना विचारलं. पहिल्यांदा चिडले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी स्वतःहून सांगायला बसले आणि तासभर बोलले.

आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. माझ्याकडे सध्या एकच पक्कं उत्तर आहे, त्या चार ओळींचं. अठ्ठावीस वर्षांत एक. कागद अगदीच कोरा नाही, पण लिहायला जागा भरपूर आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा.