आजारपणाचा खाडा

आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात बघतात, खूर बघतात. मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेला तापीकाठी घोडेबाजार भरतो. घोडा आजारी पडला तर मालक रात्रभर जागतो, कारण त्याच्यात पैसा गुंतलेला असतो. सालदार आजारी पडला तर मालक वही उघडायचा. त्या वहीत माझ्या बापाचं नाव होतं.

मित्रांनो, दवाखान्याचा इतिहास सांगताना लोक इमारती, खाटा, डॉक्टर मोजतात. मी तो या वहीपासून सांगणार आहे.

खानदेशात सालदाराचं साल आखाजीला सुरू व्हायचं अन् पुढच्या आखाजीला संपायचं. उचल आधीच घेतलेली असायची. कुणाच्या लग्नात, बाळंतपणात, मयतीत ती खर्चूनही गेलेली असायची. एक दिवस कामावर गेला नाही की एक खाडा. खाडे साल संपल्यावर भरून द्यायचे. १९८१ च्या भादव्यात बापाला हिवताप झाला. सरकारी दवाखान्यात गोळ्यांना पैसे पडत नव्हते. माय म्हणाली, चला. बाप म्हणाला, "दवाखाना फुकट शे, खाडा फुकट नही." थंडी भरली की गोठ्यात पडायचा, उतरली की बैलांना पाणी दाखवायचा. शेवटी अंथरूण धरलंच. एकवीस दिवस. पुढची आखाजी झाली, बाकीचे सालदार मोकळे झाले, अन् बाप एकवीस दिवस फुकट राबला.

मी तेव्हा सातवीत होतो. मला वाटलं हे आमच्या मालकाचं पाप. पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं, हे एका मालकाचं काम नव्हे.

आता जरा मागं जाऊ. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत काठेवाडातल्या एका अस्पृश्य मास्तराची हकीकत आहे. त्याचं पत्र डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. दोन रुपये फी ठरली, गावातल्या वजनदार माणसानं मध्यस्थी केली, तेव्हा तो वस्तीबाहेर आला. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हाती दिलं, मुसलमानानं मास्तराला, मास्तरानं बायकोला. न्यूमोनिया सांगितला अन् गेला. पुन्हा आला नाही. बाई मेली. फी दिली होती, तरी मेली. त्याच १९२९ साली आमच्या खानदेशात, चाळीसगावला, महार म्हणून बाबासाहेबांना टांगेवाल्यानं नेलं नाही. मग आपल्यातल्याच एका नवख्या माणसानं टांगा हाकला. टांगा उलटला अन् बाबासाहेबांचा पाय मोडला. आपल्यासाठी वाहन अन् डॉक्टर हे दोन्ही रस्ते आधी जातीनं अडवले, हे विसरू नका.

१९४६ ला भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, असं तिनं सांगितलं. चाळीस हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सुरुवातीचा हिशोब तिनं मांडला. १९५२ पासून अशी केंद्रं निघू लागली, महाराष्ट्रात १९६२ नंतर ती जिल्हा परिषदांकडं आली. चांगलं झालं. पण त्या दारापर्यंत मजूर आला तर त्या दिवसाची भाकर कोण देणार, याचं उत्तर गावात कुणी दिलं नाही.

शहरात मात्र दिलं होतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायला त्याच काळात, १९४३ ला, अदारकरांना नेमलं. त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आजारी कामगाराला औषध तर मिळेच, शिवाय बुडालेल्या मजुरीपोटी रोख भत्ताही मिळे. आजारपण म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे कायद्यानं मान्य केलं.

पण कायद्याची बारीक अक्षरं वाचा. शेतमजूर त्यात नाही. हंगामी कारखानेही वगळले. कुठले? सरकी काढण्याचे जिन, कापसाचे प्रेस, भुईमूग फोडणं, साखर, गूळ. यादी वाचली अन् मला वाटलं कुणी खानदेश समोर ठेवून लिहिली की काय. आमच्याकडं कारखाना म्हणजे हेच. वर्षभर काम नाही, म्हणून विमा नाही. काम आहे त्या दिवसांत आजारी पडलात तर खाडा.

१९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच साली आमच्या शहादे तालुक्यात श्रमिक संघटना झाली. अंबरसिंग सुरतवंतींच्या मागं भिल्ल सालदार जमिनीसाठी, मजुरीसाठी उठले. आमच्या गावात भिलाटी वेगळी, आपला वाडा वेगळा. पण मालकाच्या वहीत दोघांची नावं एकाच पानावर. आम्ही पोरं जयंतीच्या मिरवणुकीत पुढं होतो, वहीपर्यंत गेलो नाही. हा आमचा दोष मी कबूल करतो.

तुम्ही म्हणाल, आता सालदारकी राहिली कुठं? खाडा राहिलाय. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल दोघांवर. कामाला नाही गेलं की दंड, अन् त्याचं नाव खाडाच. २०१९ ला बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडू नये, हेही एक कारण बायकांनी सांगितलं.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१२ पासून विम्याची योजना आली, आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत झाला. हे आपण गावोगाव सांगितलं पाहिजे, कुणी पैसे मागितले तर भांडलं पाहिजे. पण विम्याचा पैसा इस्पितळाला जातो, खाटेवरच्या माणसाला नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला शंभरात ६४ होता, २०२१-२२ ला ३९ वर आला असं सरकारी हिशोब सांगतो. त्या हिशोबात बुडालेली मजुरी धरलेलीच नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर जखमी होऊन दवाखान्यात पडलेल्याला निम्म्या मजुरीची तरतूद होती. म्हणजे तत्त्व गावातही येऊ शकतं. ताप आला तर मात्र तिथंही काही नव्हतं.

म्हणून माझं एकच सांगणं. वस्तीत पाहणीला जाल तेव्हा 'दवाखाना किती लांब' एवढंच विचारू नका. किती दिवस पडून होता, किती खाडे लागले, त्यासाठी उचल कुणाकडून घेतली, हे विचारा अन् लिहून घ्या. मालकाकडं वही होती, आपल्याकडं नव्हती. शेतमजुराला, ऊसतोडवाल्याला आजारपणाची मजुरी मिळाली पाहिजे, ही मागणी त्या वहीतून उभी राहील. भिलाटीतही जा. तिथले खाडे आपल्याहून जास्त निघतील.

बाप १९९४ ला वारला. शेवटच्या आजारात दवाखान्यात खाट मिळाली होती, औषध मिळालं होतं. तरी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला तसा मला म्हणाला, "आज कितवा दिवस?"

जयभीम.