कर्णाची निष्ठा आणि कर्णाचा पश्चात्ताप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी साहित्याने कर्णाला जे स्थान दिले, त्याची दिशा तीन ग्रंथांच्या शीर्षकांवरूनच ध्यानात येते. वि. वा. शिरवाडकरांचे नाटक ‘कौंतेय’ (१९५३), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३). एक नाव जन्मदात्रीचे, एक पालनकर्तीचे आणि एक मृत्यूवरील विजयाचे. तिन्ही नावे कर्णाला नायकपदी बसवतात. महाभारताच्या संहितेत मात्र त्याची जागा निराळी आहे. आदिपर्वाच्या आरंभी दुर्योधनाला क्रोधाच्या महावृक्षाची उपमा दिली आहे आणि कर्णाला त्याचा बुंधा म्हटले आहे. उद्योगपर्वात, शिष्टाई फसत असताना, श्रीकृष्ण कुलाच्या रक्षणासाठी ज्या चौघांना बांधून पांडवांच्या हवाली करण्याचा सल्ला देतो, त्यांत दुर्योधन, शकुनी आणि दुःशासन यांच्याबरोबर कर्णही आहे.

आणि तोच श्रीकृष्ण हस्तिनापूर सोडताना कर्णाला रथात घेतो, त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि ज्येष्ठ पांडव म्हणून राज्याभिषेकाचा प्रस्ताव ठेवतो. ज्याला बांधून द्यावे असे वाटले, त्यालाच सिंहासन देऊ करण्याचा हा प्रसंग म्हणजे कर्णाच्या व्यक्तिरेखेचा कणा होय. कर्णाचे उत्तर सामान्यतः मैत्रीचा परमोत्कर्ष म्हणून वाचले जाते. मूळ भाषणात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली राधेविषयीची कृतज्ञता: जिला स्नेहाने पान्हा फुटला, जिने मलमूत्र काढले, तिचा पिंड कसा तोडावा? दुसरी दुर्योधनाविषयीची बांधिलकी: त्याच्या आश्रयाने तेरा वर्षे राज्य भोगले, त्याने आपल्याच भरवशावर युद्ध मांडले. तिसरी गोष्ट मात्र चर्चेत फारशी येत नाही. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कठोर शब्द बोललो, त्या कृत्याचा आज आपल्याला ताप होतो, असे कर्ण स्पष्टपणे म्हणतो.

हा पश्चात्ताप निष्ठेच्या घोषणेतच उच्चारला गेला आहे, हे महत्त्वाचे. पश्चात्ताप झाला म्हणून कर्ण पक्ष बदलत नाही आणि पक्ष बदलायचा नाही म्हणून अपराध नाकारत नाही. या युद्धाला तो शस्त्रयज्ञ म्हणतो, पांडवांचा जय स्वप्नात पाहिल्याचे सांगतो, आणि आपले जन्मरहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नये अशी विनंती करतो. कारण ते कळल्यास युधिष्ठिर राज्य घेणार नाही आणि आपल्याला मिळालेले राज्य आपण दुर्योधनालाच देऊन टाकू. राज्य धर्मात्म्याकडे जावे, ही इच्छा आणि ते त्याला मिळू नये म्हणून लढण्याची प्रतिज्ञा, दोन्ही एकाच मुखातून निघतात.

या द्वंद्वाचे पर्यवसान कृतीत होते. पुढे गंगातीरी कुंतीला तो अर्जुनाखेरीज चौघांना न मारण्याचे वचन देतो आणि युद्धात पाळतो. ज्या युधिष्ठिराला जिवंत पकडून देण्याची मागणी दुर्योधनाने द्रोणाकडे केली होती, तो कर्णाच्या हाती येऊनही सुटतो. दुर्योधनाला यातले काहीच ठाऊक नसते. म्हणजे ज्या निष्ठेची एवढी थोरवी गायिली जाते, ती अखंड नव्हती. कर्णाने मित्राला आपले मरण दिले. त्याचा विजय मात्र मनातल्या मनात काढून घेतला. प्रायश्चित्ताला उघड वाट नसल्यामुळे ते निष्ठेच्या आतच गुप्तपणे चालू राहिले.

आधुनिक मराठी कर्णकथेचा भर याहून वेगळ्या सूत्रावर आहे. जन्माने झालेला अन्याय हे तिचे केंद्र. जातिव्यवस्थेची चिकित्सा तीव्र होत गेलेल्या काळात हे केंद्र स्वाभाविक होते आणि त्याने मोठे काम केले, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याबरोबर एक कार्यकारणभावही रूढ झाला: स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्र’ म्हणून अव्हेरले, म्हणून द्यूतसभेत कर्ण तिच्यावर उलटला. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, वि. स. सुखठणकरांनी संपादिलेल्या आदिपर्वात (१९३३), द्रौपदीच्या त्या नकाराला मूळ पाठात स्थान मिळालेले नाही. सभापर्वात मात्र तिला कुलटा म्हणणारा आणि तिची वस्त्रे काढण्यास दुःशासनाला सांगणारा कर्ण आहेच. अपमान प्रक्षिप्त आणि सूड मूळचा, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

‘मृत्युंजय’मध्ये सहा निवेदक आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. द्रौपदी त्यांत नाही. त्यामुळे कर्णाच्या अपराधाचा उच्चार झाला, तरी ज्या व्यक्तीवर तो घडला तिच्या बाजूने त्याचा पडताळा घेणारा आवाज कादंबरीच्या रचनेतच उरत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्व्यांनी कर्णाचा स्वत्वाचा शोध सहानुभूतीने मांडला आणि सभेतील त्याच्या वर्तनाचा हीनपणाही झाकला नाही. वाचकप्रियता मात्र पहिल्या वाटेला लाभली.

येथे प्रश्न कर्णाला पुन्हा खलनायक ठरविण्याचा नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने केलेला अन्याय कसा वाचावा, हा आहे. पहिल्याच्या आधारे दुसऱ्याचे समर्थन केले, की पश्चात्तापाला कारणच उरत नाही आणि श्रीकृष्णाच्या रथात उच्चारलेली ती कबुली निरर्थक होते. व्यासांचा कर्ण आपल्या चाहत्यांइतका स्वतःला क्षमाशील नाही. रुतलेल्या चाकापाशी तो धर्माची आठवण देतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला द्यूतसभेची आठवण करून देतो. ज्या कृत्याचा ताप त्याने एकदा त्याच श्रीकृष्णापाशी बोलून दाखवला होता, त्याचाच जाब त्याला मरणाच्या दारात विचारला जातो. कर्णाची शोकात्मता त्याच्या निर्दोषतेत शोधणाऱ्या वाचनाला या दोन प्रसंगांमधला दुवा दिसत नाही.