दहा हजार साठ मुलांचे डोळे

पोलंडमधलं आजचं व्रोत्सवाफ हे शहर १८६५ साली प्रशियाच्या राज्यात होतं आणि त्याचं नाव होतं ब्रेस्लाउ. तिशीही न गाठलेला हर्मान कोन नावाचा एक नेत्रवैद्य तेव्हा तिथल्या शाळाशाळांतून फिरू लागला. डच डॉक्टर स्नेलेन यांचा अक्षरांचा तक्ता निघून जेमतेम तीन वर्षं झाली होती. कोन मुलांची नजर तपासत होता, शिवाय बाकांची उंची, बाक आणि मेज यांतलं अंतर आणि खिडक्यांचा आकारही मोजत होता. मुलांचे डोळे कशानं बिघडतात याचा माग त्याला वर्गातच काढायचा होता.

३३ शाळा आणि १०,०६० मुलं तपासून झाल्यावर १८६७ साली त्यानं आपले निष्कर्ष छापले. खेड्यातल्या शाळांत लांबचं न दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण शेकडा १.४ होतं. शहरातल्या प्राथमिक शाळांत ते ६.७ झालं, त्यावरच्या शाळांत १०.३ आणि १९.७, तर विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये २६.२. गिम्नाझियमच्या सर्वांत वरच्या वर्गात तर निम्म्याहून जास्त मुलांची लांबची नजर अधू होती. शाळा जितकी वरची, अभ्यास जितका जास्त, तितका चष्मा अधिक.

आज घरात मुलाला चष्मा लागला की पहिला ठपका मोबाइलवर येतो. ब्रेस्लाउच्या त्या मुलांच्या घरी विजेचा दिवासुद्धा नव्हता. म्हणूनच कोनचे आकडे दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा वाचायला हवेत. तरुण पिढीच्या चष्म्याची गोष्ट पडद्यापासून सुरू होत नाही. मूल उघड्यावरून उठून चार भिंतींच्या आत बसलं, तिथून ती सुरू होते.

लांबचं न दिसणं, म्हणजे ऱ्हस्वदृष्टी, हा मुळात डोळ्याच्या लांबीचा प्रश्न आहे. जन्मतः बाळाच्या डोळ्याची लांबी १७ मिलिमीटरच्या आसपास असते, मोठ्या माणसात ती साधारण २४ मिलिमीटर होते. ही वाढ मापात झाली तर समोरचं चित्र नेमकं मागच्या पडद्यावर उमटतं. डोळा जास्त लांबला तर चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि फळ्यावरची अक्षरं धूसर दिसतात. एक मिलिमीटर जास्त वाढ म्हणजे ढोबळमानानं अडीच ते तीन नंबर. एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, त्यामुळे एकदा लागलेला मायनसचा नंबर आपोआप जात नाही.

चष्म्याचा जन्म मात्र मुलांसाठी झाला नव्हता. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत जे पहिले चष्मे घडवले गेले, ते फुगीर भिंगांचे, उतारवयात वाचता यावं म्हणून. आपल्याकडे ज्याला चाळिशी म्हणतात तोच हा प्रकार. अंतर्वक्र भिंगं पंधराव्या शतकात आली. १४६२ साली मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा यानं फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले, त्यांत एक डझन लांबचं दिसण्यासाठी, तरुणांकरता होते. या भिंगांनी नेमकं काय होतं हे सांगायला १६०४ साल उजाडलं. योहानेस केप्लर यानं प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात डोळ्यातलं चित्र पडद्यावर कसं उमटतं ते मांडलं आणि अंतर्वक्र भिंग त्याला मागे कसं सरकवतं तेही उलगडलं. केप्लरची स्वतःचीही लांबची नजर अधू होती.

हिंदुस्थानात चष्मा कधी आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. १५०० ते १८०० या काळातले उल्लेख त्यांनी संस्कृत पोथ्यांतून आणि कागदपत्रांतून वेचून काढले. त्यातला एक अगदी जुना उल्लेख विजयनगरच्या व्यासतीर्थांचा आहे. १५२० च्या सुमारास ते पोथी वाचताना डोळ्यांवर भिंगं धरत असत, असं त्यांच्या चरित्रकारानं नोंदवलं आहे. इथेही चष्मा विद्वान वडीलधाऱ्यांचा होता, मुलांचा नव्हे.

विद्यार्थी आणि चष्मा ही जोडी पहिल्यांदा आकड्यांत पकडली ती लंडनच्या जेम्स वेअर या शल्यचिकित्सकानं. १८१३ साली छापलेल्या निबंधात त्यानं दोन टोकं शेजारी ठेवली. राजाच्या पायदळी रक्षकदलातल्या सुमारे दहा हजार सैनिकांत ही तक्रार जवळजवळ नव्हतीच. ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात मात्र १२७ विद्यार्थ्यांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातात धरायचं भिंग वापरत होते.

कोनच्या आकड्यांनी युरोपभर खळबळ उडाली. गावोगावचे डॉक्टर शाळांत शिरले, बाकांचे नवे आराखडे निघाले. पुस्तकांचा टाइप मोठा करा, मान वर राहील असं मेज करा, अशा सूचना कोन आयुष्यभर करत राहिला. त्याचा सर्वांत मोठा आग्रह उजेडाचा होता. वर्गाच्या क्षेत्रफळाच्या निदान एक पंचमांश तरी खिडक्या हव्यात, असं त्याचं म्हणणं. अंधारात मूल वहीवर वाकतं आणि वाकल्यानं डोळा बिघडतो, हा त्याचा तर्क होता. उजेडाचं महत्त्व त्यानं बरोबर ओळखलं. उजेड डोळ्याच्या वाढीवरच परिणाम करतो, हे कळायला मात्र पुढची शंभराहून अधिक वर्षं जावी लागली.

लंडननं तर एक टोकाचा प्रयोग केला. १९०८ साली कॅम्बरवेल भागात खास ऱ्हस्वदृष्टीच्या मुलांसाठी शाळा निघाली. पुस्तकं नाहीत, शाई-टाक नाही. मुलांनी उभं राहून भिंतीवरच्या फळ्यांवर खडूनं मोठमोठी अक्षरं काढायची. बाकीचं शिक्षण तोंडी, हातकामातून आणि खेळातून. दृष्टी जपण्यासाठी शिक्षणाची पद्धत बदलायची तयारी त्या काळच्या शिक्षकांनी दाखवली होती, हे आज मुद्दाम आठवायला हवं.

दरम्यान भिंगांची कारागिरी आपल्या वाटेनं पुढे चालली होती. १८८९ साली कील विद्यापीठातल्या आउगुस्ट म्युलर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या सुमारे १४ नंबरसाठी काचेचं भिंग थेट डोळ्यावर बसवलं. अर्ध्या तासापलीकडे ते सहन होईना. १९६१ च्या नाताळात झेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्टरले यांनी मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर यंत्र उभं केलं आणि त्यावर मऊ, पाणी धरणारी कॉन्टॅक्ट लेन्स घडवली. १९७१ पासून अमेरिकेत ती बाजारात आली. लाखो तरुणांची चष्म्यातून सुटका झाली, पण चष्म्यासारखीच ती लेन्सही चित्र पडद्यावर आणून ठेवते, एवढंच. लांबत चाललेला डोळा ती थांबवत नाही.

विसाव्या शतकात वैद्यकाचा कल उलटा फिरला. डोळ्याचा आकार आईबापांकडून येतो, शाळेचा त्यात दोष नाही, असं म्हणणारे वरचढ ठरले. झुरिकच्या आडोल्फ श्टायगर यांचा १९१३ चा ग्रंथ आणि पुढे जुळ्यांवर झालेले अभ्यास यांनी ही बाजू भक्कम केली. घरात आजोबांना, वडिलांना चष्मा असला की नातवाला लागणारच, ही समजूत आजही घराघरांत आहे. आनुवंशिकतेचा वाटा खराही आहे. पण सगळं रक्तातच असतं, तर एक-दोन पिढ्यांत आकडे उसळले नसते.

ते कसे उसळतात हे अलास्काच्या बर्फाळ टोकावर दिसलं. बॅरो या वस्तीतल्या इनुइट कुटुंबांचा अभ्यास फ्रान्सिस यंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली छापला. शिकारीवर जगलेल्या जुन्या पिढीत ऱ्हस्वदृष्टी जवळजवळ नव्हतीच. शाळेत बसू लागलेल्या त्यांच्या नातवंडांत मात्र निम्म्याच्या आसपास मुलांना ती होती. रक्त तेच होतं, मुलांचा दिवस मात्र बदलला होता.

मग प्रयोगशाळा कामाला लागल्या. १९७७ साली टॉर्स्टेन विझल आणि एलिओ राव्हिओला यांनी दाखवलं की माकडाच्या पिल्लाची पापणी शिवून टाकली तर त्याचा डोळा लांबत जातो. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं की डोळा समोरच्या चित्रानुसार आपली वाढ जुळवून घेतो. २००९ साली जर्मनीच्या ट्यूबिंगेनमध्ये पिल्लांना १५,००० लक्सचा प्रखर उजेड दिला, तेव्हा कृत्रिमरीत्या आणलेली ऱ्हस्वदृष्टी मंदावली. उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामीन हे द्रव्य जास्त स्रवतं आणि ते लांबीला आवर घालतं, असं संशोधकांना वाटतं. आपल्या वर्गखोलीत ट्यूबलाइट लावून तीनशे-पाचशे लक्स उजेड मिळतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांत असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो.

माणसांच्या मुलांत याचा एक ठळक पुरावा त्याआधीच, २००८ साली, आला होता. कॅथरिन रोझ आणि सहकाऱ्यांनी सिडनी आणि सिंगापूर इथल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना केली. आईवडिलांत चष्मेवाल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं आणि सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्तच वाचत होती. तरी ऱ्हस्वदृष्टी सिडनीत शेकडा ३.३ आणि सिंगापुरात २९.१. ठळक फरक एकच निघाला. सिडनीचं मूल आठवड्याला सरासरी पावणेचौदा तास घराबाहेर असे, सिंगापूरचं जेमतेम तीन तास.

हे ऐकल्यावर मोबाइल निर्दोष ठरतो असं नाही. मोबाइलचा पडदा मुलाला घरातच जखडून ठेवतो आणि डोळ्याजवळही येतो. कोरोनाच्या काळात चीनमधल्या फेइचंग शहरात सहा वर्षांच्या मुलांतलं प्रमाण २०२० साली शेकडा २१.५ वर गेलं. आधीच्या पाच वर्षांत ते ५.७ च्या वर कधी गेलं नव्हतं. पण तैवानमध्ये १९८३ सालीच सोळा ते अठरा वर्षांच्या शेकडा ७४ मुलांना मायनसचा नंबर होता, हेही विसरून चालणार नाही. तेव्हा स्मार्टफोन नव्हता. पहाटेपासून शाळा, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री गृहपाठ मात्र होता. ब्रिटनमधल्या सुमारे ६८,००० लोकांच्या आनुवंशिक माहितीवरून २०१८ साली केलेल्या विश्लेषणातही तेच निघालं. शिक्षणाचं प्रत्येक वाढीव वर्ष नंबर साधारण पाव डायॉप्टरनं, म्हणजे पाव नंबरनं, पुढे ढकलतं.

शिक्षण कमी करा, असं कोणी शहाणं माणूस म्हणणार नाही. मग करायचं काय, याचं उत्तर चीनच्या ग्वांगचौ शहरातल्या बारा शाळांनी दिलं. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर ठेवला. तीन वर्षांच्या या प्रयोगाचा निकाल २०१५ साली छापून आला. नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्यानं नंबर लागला होता, जादा तासाच्या शाळांत ३०.४ टक्के. तैवाननं २०१० पासून प्राथमिक शाळांत रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीम घेतली. वर्षानुवर्षं चढत गेलेलं अधू दृष्टीच्या मुलांचं प्रमाण २०१२ मध्ये ४९.४ होतं, ते २०१५ मध्ये ४६.१ वर उतरलं. आकडा लहान वाटेल, पण चढ थांबून उतार सुरू होणं हीच तिथली बातमी होती. बाहेरच्या उजेडाचा गुण मुख्यतः नंबर लागण्याआधी येतो. एकदा नंबर लागला की तो वाढू नये म्हणून डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास घडणीची भिंगं देतात. हे प्रयत्न केवळ दिसण्यासाठी नसतात. मोठ्या नंबरात डोळ्याचा पडदा ताणला जातो, तो सुटण्याचा, काचबिंदूचा आणि मध्यभागी डाग पडण्याचा धोका वाढतो.

आपल्याकडचा आलेख अजून तैवानइतका उंच नाही, पण दिशा तीच आहे. २००२ साली छापलेल्या दिल्लीच्या पाहणीत पाच ते पंधरा वयोगटातल्या ७.४ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी होती. त्याच सुमाराला तेलंगणातल्या महबूबनगरच्या ग्रामीण मुलांत ती ४.१ टक्के होती. एम्सच्या डॉक्टरांनी दिल्लीतल्या ९,८८४ शाळकरी मुलांची पाहणी २०१५ साली छापली, तेव्हा आकडा १३.१ टक्क्यांवर होता. खासगी शाळांत तो सरकारी शाळांपेक्षा जास्त होता आणि रोज दोन तासांहून अधिक काळ बाहेर खेळणाऱ्यांत कमी. खेडं आणि शहर, कमी अभ्यास आणि जास्त अभ्यास, ही कोनची उतरंड इथेही तशीच उभी आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांसाठी यातून निघणारं काम साधं आणि स्वस्त आहे. शाळेत नेत्रतपासणी होते, नंबर निघतो, चष्मा मिळतो आणि ते व्हायलाच हवं. त्याच्या जोडीला पहिली ते चौथीच्या मुलांचा रोजचा मैदानाचा वेळ वेळापत्रकात पक्का हवा. परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला देऊन टाकायचा, मधली सुट्टी दहा मिनिटांनी कापायची, मैदानावर नवी इमारत उठवायची, या सवयी सोडाव्या लागतील. मैदानच नसलेल्या शहरी शाळांना गच्ची, जवळचं उद्यान किंवा महापालिकेचं क्रीडांगण वापरता येईल, कारण डोळ्याला खेळ कोणता चालू आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला दिवसाचा उघडा उजेड हवा असतो. पालकांच्या सभेत शिकवणीच्या वेळांबरोबर हाही प्रश्न विचारला जावा, की आमचं मूल आज किती वेळ बाहेर होतं.