४४३ नाबाद, तरी सीझनचा हिरो कोण?

मी धावड्यातून बोलतोय. भोकरदन तालुका, जिल्हा जालना. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून काढलाय.

आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत फायनलच्या निकालावर फारसं कुणी भांडत नाही. भांडण होतं ते मॅन ऑफ द सिरीजच्या कूलरवरून. एक म्हणतो, सगळ्यात जास्त रन ज्याचे त्याला द्या. दुसरा म्हणतो, रन काय चाटायचेत का, मॅच आमच्या बॉलरने काढल्या. हाच वाद आज एका जुन्या सीझनला लावून बघू. सीझन १९४८-४९ चा. त्या वर्षी भारतातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण?

पहिलं नाव कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ वर ऑलआऊट. मग निंबाळकर आणि कमल भांडारकरांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ जोडले. भांडारकर २०५ करून गेले, निंबाळकर थांबायचं नावच घेईनात. महाराष्ट्राचा स्कोअर ४ बाद ८२६ आणि निंबाळकर ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम होता ४५२ नाबाद. म्हणजे बरोबरीला ९ आणि मोडायला १० रन. दोन ओव्हरचं काम!

आणि इथे सुट्टी झाली. काठियावाडचे कॅप्टन होते राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी निघतो, असं त्यांचं म्हणणं होतं असं सांगतात. विक्रमाला थोडेच रन हवेत हे सांगूनही उपयोग झाला नाही. टीम खरंच मैदानावर परतली नाही. सामना महाराष्ट्राला मिळाला, विक्रम मात्र राहिला.

जाता जाता सांगतो, २०११ मध्ये आपल्या जालन्याच्या विजय झोलने अंडर-१९ च्या कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद ४५१ केले. निंबाळकरांपेक्षा ८ जास्त, ब्रॅडमनपेक्षा १ कमी. वयोगटाचा सामना असल्यामुळे तो आकडा प्रथम श्रेणीच्या यादीत येत नाही.

आता दुसरं नाव. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजची टीम भारतात होती आणि सांगलीचे विजय हजारे पाच टेस्टमध्ये ५४३ रन करत होते. रुसी मोदींनी त्यांच्याहून जास्त केले, ५६०. मग मोदी का नकोत? कारण फेब्रुवारी १९४९ ची मुंबईची शेवटची टेस्ट. जिंकायला ३६१ हवे होते. मोदींनी ८६ केले, हजाऱ्यांनी १२२. भारत ८ बाद ३५५ वर थांबला, फक्त ६ रन कमी. शिवाय त्याच सीझनमध्ये हजाऱ्यांचा बडोद्याचा संघ रणजीच्या फायनलला पोचला. तिथे मुंबईने त्यांना हरवलं.

असाच पेच अमेरिकेत बेसबॉलला १९४१ मध्ये पडला होता. टेड विल्यम्सची सरासरी .४०६, म्हणजे दर दहा अधिकृत संधींत चारपेक्षा जास्त हिट. जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत हिट मारली होती आणि त्याची यँकीज टीम चॅम्पियन झाली. पत्रकारांनी मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर निवडला डिमॅजिओ. बक्षिसाच्या नावातच ‘सगळ्यात उपयोगी’ आहे ना, मग टीम जिंकली की पारडं झुकतंच. मला विचाराल तर तिथे माझं मत विल्यम्सला. संपूर्ण सीझनभर त्याच्याइतकं चांगलं कुणी खेळलं नव्हतं.

आणि याच हिशोबाने १९४८-४९ चं माझं मत हजाऱ्यांना. निंबाळकरांच्या चाहत्यांनो, चप्पल काढू नका! सीझनचं बक्षीस सीझनला द्यायचं, एका डावाला नाही. पुढे मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र सेमीफायनलला दोन्ही टीमनी मिळून २,३७६ रन काढले. त्या वर्षीच्या देशी पिचवर बॉलरचं काय होत होतं ते यावरून कळतं. मोठा स्कोअर मोजताना हे धरावं लागतं.

पण निंबाळकरांवर अन्याय झाला तो कूलरचा नाही. रणजीत त्यांची सरासरी ५६ च्या वर, मध्यमगती बॉलिंग करायचे, गरज पडली तर विकेटकीपिंगही. तरी त्यांना एकही अधिकृत टेस्ट मिळाली नाही. बक्षीस एका सीझनचं असतं, ते हुकलं तर पुढच्या वर्षी मिळू शकतं. टीमची निवड त्या वयातच व्हावी लागते. बोर्डाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला, तेव्हा ते ऐंशी पार करून गेले होते.

११ डिसेंबर २०१२ ला कोल्हापुरात ते गेले, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाने चारशे केल्याची नोंद आजही एकच आहे, ती त्यांचीच.

तुमचं मत हजारे, निंबाळकर की मोदी? व्हॉइस नोट पाठवा, पण एक मिनिटाच्या आत.