व्हाइस ॲडमिरल सोमन

भास्कर सदाशिव सोमन (१९१३–१९९५). समुद्रापासून दूरच्या ग्वाल्हेरात, मराठी घरात जन्म. स्वातंत्र्यानंतर पहिली जवळजवळ अकरा वर्षे भारतीय नौदलाचे प्रमुखपद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. मोठ्या युद्धनौका हाताळण्याचा अनुभव असलेले भारतीय अधिकारी तोवर घडायचे होते. एप्रिल १९५८मध्ये रामदास कटारी पहिले भारतीय प्रमुख झाले, त्यांच्यामागून जून १९६२मध्ये सोमन. डिसेंबर १९६१च्या गोवामुक्तीत आरमारी ताफ्याचे नेतृत्व त्यांनीच केले होते. त्या मोहिमेत अंजदीव बेटावर सात नौसैनिकांना वीरमरण आले. १९६५च्या युद्धात पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या, पण आपल्या नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेस चढाई करण्यास सरकारची मनाई होती. सोमनांनी पंतप्रधान शास्त्रींकडे हरकत नोंदवली, तरीही आदेश पाळला. लोकशाहीत सेनेने शासनाच्या अधीन राहावे, ही रीत नव्या देशात रुजली ती अशा संयमातून. मार्च १९६६मध्ये ते निवृत्त झाले. १९७१मध्ये नौदलाने कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याविषयी वाचताना १९६५ची ही सल ध्यानात ठेवावी. नौदलप्रमुखांना पूर्ण ‘ॲडमिरल’ हुद्दा १९६८पासून मिळू लागला, म्हणून येथे ‘व्हाइस ॲडमिरल’ असाच उल्लेख ठेवला आहे. – संपादक