ताटी, टिनाचं फाटक आणि बांबूची पावती

आज माईकसमोर बसलोय तर उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या आहेत. बांबूची धस घुसली. त्याचीच आजची गोष्ट. ती सुरू होते मामाच्या दारातून आणि जाते थेट १९२७ च्या एका कायद्यापर्यंत. बसमध्ये असाल तर इयरफोन नीट लावून घ्या.

झालं असं, की दिवाळीच्या आधी मी गडचिरोली जिल्ह्यात मामाच्या गावी गेलो. घरासमोर टिनाचं फाटक, खालून गंजलेलं, उघडलं की अख्ख्या गल्लीला कळतं. मी मोबाईलवर आठ-दहा व्हिडिओ पाहून गेलो होतो. फाटकाला रंग, वर दिव्यांची माळ, दोन कुंड्या, पाचशे रुपयांत दर्शनी भाग चकाचक! मामानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टिनाले कितीही रंग मार, तो टीनच राह्यते. तुझा आजा इथं ताटी बांधे."

ताटी म्हणजे बांबूच्या कामट्या विणून केलेलं झापासारखं दार. शब्द शहरात विसरलेत, पण मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांमुळे शाळेत सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो. ज्ञानेश्वर रुसून आत बसले होते म्हणतात, ते याच जातीच्या दाराआड.

मी राहतो चंद्रपुरात. आमच्याकडे दार म्हटलं की डोळ्यासमोर येतात परकोटाचे दरवाजे. गोंड राजांनी शहराभोवती बांधलेल्या तटाला चार मोठी दारं आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय छोट्या खिडक्या, त्यातल्या एकीचं नाव चक्क चोर खिडकी. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलाय, ते गोंड राजांचं चिन्ह. जटपुरा गेटच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकतो आपण, पण मान वर करून तो सिंह किती जणांनी पाहिलाय? २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी हा परकोट झाडझुडूप काढून साफ करायला घेतला, तेव्हा कुठे माझंही लक्ष गेलं.

तर राजाचं दार दगडाचं. एकदा बांधलं की शेकडो वर्षं उभं. रयतेचं दार मात्र बांबूचं. घराच्या भिंतीही कुडाच्या: बांबू-काड्यांचा सांगाडा, त्यावर माती, शेण आणि धानाच्या तणसाचा लेप, वरून पांढऱ्या मातीचा हात, खाली गेरूचा पट्टा. पावसानं लेप धुपायचा, वाळवी ताटी खायची. म्हणून दर काही वर्षांनी दार नव्यानं बांधावंच लागे. घरच्याच हातांनी, सणाच्या तोंडावर. पोळ्याला दाराशी पळसाचे मेढे लागायचे, दिवाळीला सडा-रांगोळी. आज ज्याला आपण डीआयवाय म्हणतो ते इथं दरसालचं काम होतं. पण त्याला एकच अट होती, जंगलातला बांबू हाती यायला हवा.

मी मामाला विचारलं, "मग बंद काऊन झाली ताटी?"

"बांबू कुठून आणाचा? रस्त्यात कोणी पावती मागतली तर?"

इथंच मला खरा धक्का बसला. समोर डोंगरभर बांबू आणि माणूस टिनाचं दार लावतो, कारण टिनाला पावती दुकानदार देतो!

वनस्पतिशास्त्र सांगतं बांबू हे गवत आहे. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही बसवला. घरवापरासाठी निस्ताराची सोय होती, नाही असं नाही. तरी जंगलातून बांबू नेणं म्हणजे परवाना आणि पास. बल्लारपूरला कागदाची गिरणी आहे आणि या जंगलांतला बांबू गाड्या भरभरून कागदाकडे गेला. आता गंमत बघा, माझ्या शाळेची वही कदाचित आज्याच्या ताटीच्या बांबूची असेल.

२००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू स्पष्टपणे गौण वनउपजात आला, म्हणजे गोळा करायचा, विकायचा हक्क गावाचा. कागदावर. प्रत्यक्षात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा पास कोण देणार यावर गाडी अडली. देवाजी तोफा आणि गावकरी हटले नाहीत. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एक पावतीपुस्तक! मला तर तो दिवस जिल्ह्याच्या इतिहासात परकोटाच्या पायाभरणीइतकाच मोठा वाटतो. जंगलाबाहेर वाढणारा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला तो तर २०१७ मध्ये.

मामाच्या गावात आता बांबू रीतसर मिळतो. आम्ही आणला. दोन-तीन वर्षांचा पक्का निवडायचा, कोवळा घेतला तर भुंगा पोखरतो. आधी पाण्यात भिजत ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. मी थेट कोयता चालवायला गेलो, त्याचं बक्षीस बोटाला मिळालंच. चार जाड बांबूंची चौकट, त्यात उभ्या कामट्या, आडव्या कामट्या एक वर एक खाली. पहिल्या दिवशी माझं विणकाम इतकं तिरपं गेलं, की मामीनं न बोलता सगळं उसवलं आणि पहिल्यापासून घातलं. सांधे आज्याच्या काळी पळसाच्या मुळांच्या सालीनं बांधत, आम्ही तार वापरली. खालच्या कडेला जुन्या टायरची पट्टी ठोकली, म्हणजे ताटी मातीला टेकत नाही आणि वाळवीला लवकर सापडत नाही. कुंड्या ठेवल्या, दिव्यांची माळही लावलीच, व्हिडिओचा मान राहिला.

टिनाचं फाटक मामानं फेकलं नाही. ते आता कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. उघडलं की अजूनही गल्लीला कळतं.